कोबोटूलबॉक्स: ऑनर्सच्या शोधप्रकल्पासाठी, नेटवर्क नसलेल्या गावात

तालुक्याच्या कॉलेजातला पदवीचा शोधप्रकल्प फिरून फिरून गावातच येतो. कपाशीचा एकरी खर्च, खारपाणपट्ट्यातल्या (जिथे भूजल खारट आहे) विहिरींचं पाणी, मोहफुलांचा व्यवहार, मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासेमारी, बचत गटांचं कर्ज असे विषय असतात, आणि त्यांची माहिती ओसरीवर किंवा बांधावर बसूनच मिळते. ती गोळा करायला झेरॉक्सचे गठ्ठे, गुगल फॉर्म किंवा कोबोटूलबॉक्स (फोनवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेणारं सॉफ्टवेअर, थोडक्यात कोबो) असे तीन मार्ग समोर असतात. तिन्हींत कोबो सरस आहे, फुकट आहे, आणि धारणी-चिखलदऱ्याच्या घाटात टॉवर गेला तरी अडत नाही. पण वाईट प्रश्नावली ते तितक्याच तत्परतेने शंभर घरी पोचवतं. फॉर्म तयार करायला दोनच दिवस दिले तर हाती कचरा येईल, आणि तो कचरा छान एक्सेलमध्ये येत असल्याने लवकर ओळखूही येणार नाही.

आधी वेळेचा हिशोब करू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं, आणि त्यात १२ क्रेडिटचा शोधप्रकल्प असतो. महाराष्ट्रात नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झालं. म्हणजे गावोगावच्या संलग्न कॉलेजांत चौथं वर्ष २०२७-२८ ला उगवतं. ज्यांना सराव हवा त्यांनी आधीच्या सत्रांतल्या फील्ड प्रोजेक्टवरच हात बसवून घ्यावा.

फील्डवर्कचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात ३० तास. १२ क्रेडिटचे झाले ३६०. शंभर कुटुंबं घेतली आणि एका घरी चाळीस मिनिटं लागली, तर नुसत्या मुलाखतीचे ६७ तास होतात; एसटीची वाट बघणं वेगळं. कागदी फॉर्म घेतला तर तोच मजकूर पुन्हा संगणकात भरायचा. सहा पानी फॉर्मला पंधरा मिनिटं धरली तरी आणखी २५ तास, आणि चुका त्याच टप्प्यावर शिरतात. कोबोने हे २५ तास वाचतात. ते तास प्रश्नावलीवर घालावेत.

कोबो मूळ ‘हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्ह’मध्ये आकाराला आलं. त्याच्या पोटात ‘ओपन डेटा किट’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि आता एक ना-नफा संस्था ते चालवते. वेबसाइटवर खातं उघडायचं, तिथे फॉर्म बनवायचा, ‘डिप्लॉय’ करायचा, म्हणजे भरण्यासाठी खुला करायचा, आणि अँड्रॉइड फोनवर ‘कोबोकलेक्ट’ ॲपमध्ये उतरवून घ्यायचा. एकदा उतरला की नेट लागत नाही. भरलेले फॉर्म फोनमध्ये साठतात आणि नेट आलं की सर्व्हरवर जातात. खातं उघडताना ग्लोबल आणि युरोपियन युनियन असे दोन सर्व्हर दिसतात. एकावरचं खातं दुसऱ्यावर चालत नाही. चार जणांच्या गटात दोघांनी इकडे आणि दोघांनी तिकडे खातं उघडलं की पासवर्ड बरोबर असूनही ॲप नकार देतं, आणि अर्धा दिवस पासवर्ड बदलण्यात जातो. सर्वांनी एकच सर्व्हर घ्यावा आणि त्याचा पत्ता ॲपच्या सेटिंगमध्ये जसाच्या तसा टाकावा. फुकट खात्यावर महिन्याच्या फॉर्मांची आणि फोटो-ऑडिओच्या जागेची मर्यादा असते. पदवीच्या प्रकल्पाला फॉर्मांची मर्यादा आड येत नाही, फोटोंची येऊ शकते. ॲपच्या सेटिंगमध्ये फोटोचा आकार ‘स्मॉल’ ठेवला की प्रश्न मिटतो. बोंडअळीने पोखरलेलं बोंड तेवढ्यातही ओळखू येतं.

फॉर्म बनवताना

पहिली पायरी कागदावरच करायची. प्रश्न लिहून काढा आणि प्रत्येकासमोर प्रबंधातल्या कोणत्या तक्त्यात त्याचं उत्तर बसणार ते लिहा. ज्याला तक्ता सापडत नाही तो प्रश्न काढून टाका. ‘घरात टीव्ही आहे का’ हा प्रश्न जुन्या प्रबंधांतून उचललेला असतो आणि बहुतेक वेळा कुठेच वापरला जात नाही.

मग फॉर्मबिल्डर उघडावा. प्रश्न मराठीत लिहिला की त्याचं आतलं नाव, म्हणजे एक्सेलमध्ये येणारं कॉलमचं नाव, कोबो स्वतः ठरवतं. देवनागरी मजकुरावरून त्याला नाव बनवता येत नाही, त्यामुळे अंडरस्कोर आणि क्रमांक असली निरर्थक नावं पडतात. चाळीस प्रश्नांचा डेटा उतरवल्यावर कोणता कॉलम कशाचा तेच कळत नाही. प्रत्येक प्रश्नाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डेटा कॉलम नेम’ रोमन अक्षरांत स्वतः द्यावं, शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता. कंटाळवाणं काम आहे, पण ते पहिल्या डिप्लॉयच्या आधीच व्हायला हवं. डेटा यायला लागल्यावर नाव बदललं की जुनी उत्तरं एका कॉलममध्ये आणि नवी दुसऱ्यात पडतात.

जमिनीचा प्रश्न विदर्भातल्या बहुतेक फॉर्मांत असतो आणि बहुतेकांत बिघडतो. शेतकरी एकरात सांगतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो आणि विद्यार्थी दोन्ही एकाच रकान्यात भरतो. ‘अडीच’ हे उत्तर एकरातलं की हेक्टरमधलं यावर सगळा एकरी खर्च अडीचपट इकडेतिकडे होतो, कारण एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. यावर उपाय असा: एकर आणि गुंठे असे दोन वेगळे पूर्णांकी प्रश्न ठेवायचे आणि गुंठ्यांवर ३९ ची कमाल मर्यादा घालायची, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. खाली ‘कॅल्क्युलेट’ प्रकारचा प्रश्न टाकून एकर अधिक गुंठे भागिले चाळीस हा हिशोब ॲपकडूनच करून घ्यायचा. सातबारा समोर असेल तर एक आर जवळजवळ एक गुंठा धरायला हरकत नाही, फरक टक्काभराचाच आहे. ओलिताची जमीन एकूण जमिनीपेक्षा जास्त भरता येणार नाही अशी अट ‘व्हॅलिडेशन क्रायटेरिया’त घालता येते. अट मोडली की दिसणारा संदेशही मराठीत लिहावा. नाहीतर इंग्रजी सूचना पाहून विद्यार्थी घाबरतो आणि आकडा जमवून पुढे जातो. स्वतःची, मक्त्याने केलेली आणि बटईने केलेली जमीन वेगळी विचारलीच पाहिजे. ‘तुमची शेती किती’ या प्रश्नाला कोणी मालकीची सांगतो, कोणी कसतो ती.

मजुरीचंही तसंच. कापसाची वेचाई किलोवर असते, निंदण रोजाने होतं, फवारणी कधी रोजाने तर कधी ठेक्याने. ‘मजुरीवर एकूण खर्च किती’ असं एका प्रश्नात विचारलं तर माणूस डोळे मिटून एक गोल आकडा सांगतो. कामानुसार वेगळे गट करावेत: वेचणीला क्विंटल आणि किलोमागे दर, निंदणाला मजूर, दिवस आणि रोज. बेरीज-गुणाकार कॅल्क्युलेट करतो. डवरणी घरच्या बैलांनी केली तर खर्च शून्य लिहायचा की बाजारभावाने धरायचा, हे मार्गदर्शकाशी बोलून आधी ठरवावं आणि तो निर्णय प्रश्नाखालच्या ‘हिंट’मध्ये लिहून ठेवावा. चार विद्यार्थी चार रीतींनी भरतात तेव्हा दोष ॲपचा नसतो.

पेरणीच्या तारखेसाठी ‘डेट’ प्रकार निवडू नका. तो नेमका दिवस मागतो, आणि तारीख आठवत नसली की माणूस कोणतीही सांगतो. ‘मृग, आर्द्रा, पुनर्वसू, त्यानंतर’ असे चार पर्याय दिले तर उत्तर चटकन येतं आणि खरं येतं. मृग साधारण ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला. नंतर आठवड्यांत मांडणं सोपं आहे.

काही बारक्या गोष्टी आहेत ज्या मोठा त्रास देतात. मोबाइल नंबर पूर्णांकी प्रश्नात बसत नाही, कारण ॲपमध्ये तो प्रकार नऊ अंकांवर थांबतो आणि नंबर दहा अंकी असतो. तो मजकूर प्रकारात घ्यावा, आणि खरंच लागत असेल तरच घ्यावा. उलट, आकडे मजकूर प्रकारात घेऊ नयेत: कोणी मराठी कीबोर्डवरून ‘५’ टाइप करतो, कोणी ‘पाच क्विंटल’ लिहितो, आणि एक्सेलमध्ये त्याची बेरीज होत नाही. गावाचं नाव टाइप करू देऊ नका. यादी द्या, कारण एकाच गावाची चार स्पेलिंगं म्हणजे सारणीत चार गावं. ‘रिक्वायर्ड’ची खूण सगळ्या प्रश्नांना लावायची सवयही वाईट. उत्तर नसलं तरी पुढे जाता येत नाही म्हणून शून्य किंवा एखादं अक्षर भरलं जातं आणि खरं शून्य कोणतं ते कायमचं हरवतं. त्यापेक्षा ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ हे पर्याय द्या. त्यांना ९९ सारखा आकडी संकेत दिलात तर सरासरी काढण्याआधी तो गाळायला विसरू नका. नाहीतर एखाद्या अल्पभूधारकाची ९९ एकर शेती प्रबंधात छापली जाते.

सशर्त प्रश्न, म्हणजे ‘स्किप लॉजिक’, हे कोबोचं खरं बळ. गुगल फॉर्ममध्ये असं वळण विभागापुरतंच देता येतं, इथे एकेका प्रश्नाला लावता येतं. विहीर नाही म्हटलं की विहिरीचे आठ प्रश्न गायब. पहिलीच अट संमतीची ठेवावी: प्रकल्प काय आहे, माहिती कुठे वापरणार, कधीही थांबता येईल, हे मराठीत चार ओळींत, आणि खाली हो किंवा नाही. बाकीचा सगळा फॉर्म एका गटात टाकून त्या गटाला ‘हो’ची अट लावली की ‘नाही’वर फॉर्म तिथेच संपतो. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी भाषेतले प्रश्न देवनागरीत दुसरी भाषा म्हणून त्याच फॉर्ममध्ये जोडता येतात आणि ॲपमध्ये एका टिचकीने भाषा बदलते. हे भाषांतर गावातल्याच जाणत्या माणसाकडून करून घ्यावं आणि दुसऱ्याकडून उलट मराठीत सांगून घ्यावं. प्रश्न भलत्याच दिशेला गेलेला तेव्हाच पकडला जातो.

एका शेतकऱ्याची तीन पिकं नोंदवायला ‘रिपीट ग्रुप’, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा गट, सुचवला जातो. नवख्याने तो टाळावा. रिपीटचा डेटा एक्सेलच्या वेगळ्या शीटमध्ये उतरतो आणि मूळ शीटशी अनुक्रमांकाने जोडावा लागतो. ही जोडणी चुकली की एकाची तूर दुसऱ्याच्या नावावर जाते. कपाशी, सोयाबीन आणि तूर असे तीन सरळ गट, प्रत्येकाला ‘हे पीक घेतलं का’ ही अट. फॉर्म लांब दिसतो, पण तक्ते एका दुपारी होतात.

हंगाम आणि यादी

हा भाग सॉफ्टवेअरचा नाही, तरी प्रकल्प यावर जास्त वेळा अडतो. सातवं सत्र पावसाळ्यात सुरू होतं, आठवं उन्हाळ्यात संपतं. सोयाबीनची सोंगणी ऑक्टोबरच्या आसपास होते, त्यामुळे तिचा जमाखर्च दिवाळीनंतर विचारता येतो. कपाशीची वेचणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबते; नोव्हेंबरात विचारलेलं उत्पन्न अर्धवट असतं आणि एकरी नफा विनाकारण तोट्यात दिसतो. तूर जानेवारीत येते. मोहफुलं मार्च-एप्रिलात आणि तेंदूपत्ता एप्रिल-मेमध्ये. प्रबंध टाइपिंगला जायची वेळ तीच, म्हणून तेंदूवरचा प्रकल्प मागच्या हंगामाच्या आठवणीवर करावा लागतो आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहावं लागतं. फॉर्म बनवणं आणि चाचणी सप्टेंबरपर्यंत उरकावी, मोठं सर्वेक्षण पीक घरात आल्यावर.

घरं कशी निवडली हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न, आणि ‘यादृच्छिक पद्धतीने’ एवढं उत्तर पुरत नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही असते, तिच्यावरून घरांची यादी बनते. समजा ४२० घरं आहेत आणि ६० हवीत. ४२० भागिले ६० म्हणजे ७. एक ते सातमधून चिठ्ठी काढायची, चार आला तर ४, ११, १८, २५ असं पुढे. घर बंद असेल तर कधी परत जायचं आणि तिसऱ्यांदाही बंद असेल तर काय करायचं, हा नियम आधी लिहून ठेवावा. शेजारचं उघडं घर घेतलं की मजुरीला गेलेली कुटुंबंच नमुन्यातून गळतात. वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात म्हातारे आणि पोरंच असतात. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जावं, आणि आठवडी बाजाराचा दिवस सोडावा.

प्रत्यक्ष गावात

चाचणीसाठी मूळ प्रकल्पाची प्रत, ‘क्लोन’, करून तीच वापरावी. दहा घरांची चाचणी मूळ फॉर्मवर केली की तो डेटा खऱ्या डेटात मिसळतो. चाचणीनंतर फॉर्म बदलला तर पुन्हा डिप्लॉय करावा लागतो आणि प्रत्येक फोनवर ‘डाउनलोड फॉर्म’ पुन्हा करावा लागतो. गटातला एक जण जुन्याच आवृत्तीवर राहतो, हा नेमाने होणारा घोटाळा. निघण्याआधी कॉलेजच्या वायफायवर सगळ्यांचे फोन शेजारी ठेवून आवृत्ती जुळवून घ्यावी.

ॲपमध्ये ‘ड्राफ्ट्स’ आणि ‘रेडी टू सेंड’ असे दोन कप्पे आहेत. फॉर्म ‘फायनलाइज’ केला नाही तर तो ड्राफ्टमध्येच पडून राहतो आणि नेट आलं तरी सर्व्हरवर जात नाही. संध्याकाळी तालुक्याला परतल्यावर ड्राफ्ट्स शून्य आणि ‘सेंट’चा आकडा वहीतल्या घरांइतका आहे का ते बघावं. न पाठवलेले फॉर्म फक्त त्या फोनमध्ये असतात. जागा हवी म्हणून ॲप काढलं किंवा ‘क्लिअर डेटा’ केलं की ते कायमचे गेले. कोबोच्या सर्व्हरवर त्यांचा मागमूस नसतो.

जीपीएस नेटशिवाय चालतं, पण बंद पडून बराच वेळ झालेल्या फोनला नेट नसताना पहिलं ठिकाण पकडायला काही मिनिटं लागतात. टिनाच्या छपराखाली तर पकडतच नाही. अंगणात यावं, अचूकता पाच-दहा मीटरवर येईपर्यंत थांबावं आणि मग जतन करावं. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी मोजण्याच्या प्रकल्पाला ही सोय फार उपयोगी आहे: प्रत्येक विहिरीचा बिंदू, खोली, फोटो आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) एकाच फॉर्ममध्ये, आणि ‘केएमएल’ ही नकाशाची फाइल उतरवून गुगल अर्थवर नकाशा तयार. इथे चूक मीटरमध्ये होते. पेनासारखा स्वस्त टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो विद्युतवाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकाने टीडीएस दाखवतो. म्हणून मीटरचा गुणक प्रबंधात नोंदवावा, ठरावीक क्षारतेच्या द्रावणाने तो तपासून घ्यावा, दर विहिरीला त्याच पाण्याने आधी खळबळून घ्यावा, आणि बोअर असेल तर पाइपातलं साठलेलं पाणी जाऊ द्यावं. तुलनेला आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक घ्यावं: टीडीएससाठी स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २०००.

घरांच्या सर्वेक्षणात मात्र जीपीएस घेण्याआधी कशासाठी हवं ते विचारावं. कर्जाची माहिती आणि घराचा अक्षांश-रेखांश एकाच ओळीत असेल तर नाव काढून टाकून काही लपत नाही.

मार्गदर्शकांसाठी एक सोय आहे जी फारसे कोणी वापरत नाहीत. सेटिंगमधल्या मेटाडेटात सुरुवातीची-शेवटची वेळ आणि ‘ऑडिट’ चालू ठेवलं तर प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद गेले याची नोंद येते. चाळीस मिनिटांचा फॉर्म चार मिनिटांत भरलेला दिसला की तो पारावर बसून भरलाय हे वेगळं सांगावं लागत नाही. फोनची तारीख-वेळ चुकीची असेल तर मात्र या नोंदी फसव्या ठरतात, तेव्हा आरोप करण्याआधी फोन बघावा. मार्गदर्शकाला खात्याचा पासवर्ड देऊ नये. ‘शेअरिंग’मध्ये पाहण्यापुरती परवानगी देता येते, आणि रोजचा डेटा रोज बघितला तर तिसऱ्या दिवशीच चूक सापडते.

डेटा उतरवल्यावर

‘रिपोर्ट्स’मध्ये कोबो आपोआप आलेख काढून देतं. ते स्वतःच्या नजरेसाठी ठीक आहेत, प्रबंधात चिकटवायचे नाहीत. एक्सेलसाठी एक्सएलएस प्रकारच उतरवा. सीएसव्ही उतरवून थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी अक्षरांचा चुराडा दिसतो, आणि कोबोची सीएसव्ही अर्धविरामाने तोडलेली असल्याने पुष्कळदा सगळी ओळ एकाच रकान्यात येते. फॉर्मच्या आवृत्त्या बदलल्या असतील तर सगळ्या आवृत्त्यांचा डेटा घेण्याची खूण तपासा, नाहीतर सुरुवातीची घरं गायब दिसतील. बहुपर्यायी प्रश्न दोन रीतींनी उतरतो: सगळी उत्तरं एका रकान्यात, किंवा प्रत्येक पर्यायाला वेगळा रकाना आणि त्यात शून्य-एक. दुसरी रीत घ्या. रकान्याची बेरीज केली की किती जणांनी तो पर्याय निवडला ते मिळतं. टक्केवारीची बेरीज इथे शंभरच्या वर जाते, ते चुकीचं नाही, पण तक्त्याखाली टीप हवी.

‘इतर’मध्ये काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तक्ते करू नका. कर्जाच्या स्रोतात बँक, सोसायटी, बचत गट, सावकार एवढेच पर्याय दिले आणि कृषी केंद्राची उधारी ‘इतर’मध्ये गेली, तर अभ्यासाचा गाभाच तळाच्या ओळीत दडतो.

तालुक्याच्या बाजारातलं डीटीपी हा शेवटचा अडथळा. कोबोचा सगळा मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो. बरीच टायपिंगची दुकानं अजून कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करतात. तिथे युनिकोड मजकूर दिला की ते एकतर पुन्हा टाइप करतात, ज्यात आकडे बदलतात, किंवा कन्व्हर्टरने बदलतात, ज्यात जोडाक्षरं आणि रफार तुटतात. शिवाय जुन्या फॉन्टमधला मजकूर साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. दुकानदाराला आधीच विचारा: युनिकोडमध्ये, मंगल किंवा नोटो फॉन्टवर करून देणार का? ‘नाही’ म्हटलं तर टायपिंग स्वतः करा आणि दुकानात फक्त प्रिंट-बाइंडिंग.

कुणी घेऊ नये? ज्यांचा प्रकल्प दहा-बारा लांब मुलाखतींवर उभा आहे, त्यांना फॉर्म आडवा येतो. दंडार या लोकनाट्याच्या कलावंतांशी बोलायचं असेल तर रेकॉर्डर आणि वही पुरे. कॉलेजातल्याच दीडशे विद्यार्थ्यांची मतं हवीत तर गुगल फॉर्मने दिवसाभरात काम होतं. गटात आयफोन असेल तर कोबोकलेक्ट त्यावर चालत नाही. ब्राउझरमधला वेब फॉर्म निघण्याआधी एकदा नेटवर उघडून ठेवला तर पुढे नेटशिवायही भरता येतो, पण ब्राउझरचा डेटा पुसला की न पाठवलेलं सगळं जातं. दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारं ‘एपिकलेक्ट ५’ हे फुकट ॲप आहे. साध्या बिंदू-फोटो नोंदींना ते पुरतं, सशर्त आणि हिशोबी प्रश्नांत कोबो पुढे आहे.

प्रबंध दिल्यावर तीन गोष्टी पेनड्राइव्हवर आणि मार्गदर्शकाकडे ठेवाव्यात: उतरवलेला कच्चा डेटा जसाच्या तसा, साफ केलेली प्रत, आणि फॉर्मची स्वतःची एक्सएलएस फाइल. तिसरी सगळ्यांत जास्त विसरली जाते, आणि पुढच्या तुकडीला तीच हवी असते: ती कोबोमध्ये चढवली की गुंठ्यांच्या अटीसकट सगळा फॉर्म पाच मिनिटांत उभा राहतो. साफ केलेल्या प्रतीतून नावं, नंबर आणि घरांचे बिंदू काढून टाकावेत. निकाल लागल्यावर सर्व्हरवरचा प्रकल्प ‘अर्काइव्ह’ करावा, म्हणजे कोणाच्या जुन्या फोनमधून पुढच्या दिवाळीत नवे फॉर्म येत राहणार नाहीत.